लेट : जाऊ देणारा आणि अडवणाराही

प्रश्न असा आला आहे : ‘लेट हिम टू गो’ बरोबर की ‘लेट हिम गो’? ‘अलाउ’नंतर ‘टू’ येतो, मग ‘लेट’नंतर का नाही? आणि ‘लेट्स’ व ‘लेट अस’ यांत फरक काय?

‘लेट हिम गो’. हा ‘टू’ सभेत, मुलाखतीत, सूत्रसंचालनात इतक्यांदा ऐकू येतो की कान किटले. त्याचा थोरला भाऊ म्हणजे ‘लेट हिम गोज’; ‘हिम’ दिसला की हात आपोआप ‘एस’कडे जातो. घडण साधी आहे. आधी लेट, मग मी, हिम, हर, अस, देम यांपैकी एक (‘लेट ही’, ‘लेट दे’ नव्हे), मग क्रियापद मूळ रूपात. त्याला टू नाही, एस नाही, आयएनजी नाही. भूतकाळातही ते हलत नाही. काळ बदलतो तो लेटचा, आणि तोही डोळ्यांना दिसत नाही, कारण लेटचा भूतकाळ लेटच. ‘शी लेट्स मी गो’ म्हणजे ती जाऊ देते, ‘शी लेट मी गो’ म्हणजे तिने जाऊ दिलं. ‘लेटेड’ असं रूप इंग्रजीत नाही.

मराठी माणसाला हे पाठ करायची खरं तर गरजच नाही. ‘त्याला जाऊ दे’ म्हणताना ‘जाऊ’ला आपण काही चिकटवतो का? नाही. ‘त्याला जायला सांग’ म्हणताना मात्र ‘ला’ लागतो, आणि इंग्रजीतही तिथे टू येतो : ‘टेल हिम टू गो’. ‘जायला भाग पाड’, ‘फोर्स हिम टू गो’. तेव्हा ‘-ऊ दे’ असेल तिथे टू नाही, ‘-यला’ असेल तिथे टू, एवढं धरून चाला. ‘मेक’ या चाचणीला दाद देत नाही (‘जायला लाव’, पण ‘मेक हिम गो’), ते वेगळं लक्षात ठेवा.

व्याकरणाच्या क्लासात याचं कारण सांगतात की लेटनंतरचा टू ‘गाळलेला’ असतो. हे उलटं आहे. जुन्या इंग्रजीत क्रियापदाच्या साध्या रूपाला ‘-अन’सारखा प्रत्यय असे आणि टूची गरज नसे. टू लागे तो हेतू किंवा दिशा दाखवायला, म्हणजे आपल्या ‘जायला’तल्या ‘ला’सारखा. पुढे प्रत्यय झिजून गेले आणि टू सगळीकडे पसरला. लेट, कॅन, मे, शॅल ही जुनी मंडळी मात्र त्याच्याशिवाय राहिली. अलाउ फ्रेंचमधून उशिरा आलेला, त्याने आल्या आल्या टू धरला. जे मुळात नव्हतंच ते गाळणार कसं?

आता ज्यासाठी हा शब्द हातात घ्यावा ते. देवनागरीत ‘गाडी लेट आहे’मधला लेट आणि ‘लेट हिम गो’मधला लेट आपण एकसारखाच लिहितो. उच्चार निराळे, स्पेलिंग निराळं, म्हणून हा आपल्या लिपीचा तोकडेपणा वाटतो. पण लिपी इथे नकळत खरं बोलते! दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. त्या मुळाचा अर्थ ढिलं पडणं, थकून सोडून देणं. लॅटिनमधला ‘लासुस’, म्हणजे थकलेला, हा त्याच कुळातला. जे ढिलं, मंद, मागे राहिलेलं, ते लेट, म्हणजे उशिराचं. त्याचंच सर्वात पुढचं रूप ‘लास्ट’, म्हणजे शेवटचं. आणि जे सैल सोडलं, धरून ठेवलं नाही, तो दुसरा लेट, म्हणजे जाऊ देणं.

मराठीत हे पटकन पटतं, कारण आपल्याकडे ‘ढील’ आहे. दोरीला ढील देणं म्हणजे सोडणं, मुलाला ढील देणं म्हणजे मोकळीक, आणि कामातली ढिलाई म्हणजे उशीर. सोडणं आणि रेंगाळणं एकाच शब्दात नांदतात. माझ्या मते लेटला खरा मराठी प्रतिशब्द ‘परवानगी देणे’ नव्हेच, ‘ढील देणे’ हा आहे. शब्दकोशकारांना तो गावठी वाटत असेल तर वाटो.

गंमत इथे संपत नाही. मंद या अर्थाच्या त्या शब्दापासून जुन्या इंग्रजीने आणखी एक क्रियापद घडवलं : मंद करणं, उशीर करवणं, म्हणजेच अडवणं. झिजत झिजत त्याचाही उच्चार लेट झाला. काही शतकं इंग्रजीत एकच लेट ‘जाऊ देणं’ आणि ‘अडवणं’ अशा दोन्ही अर्थांनी वावरत होता. भुतामागे निघालेल्या हॅम्लेटला सोबती धरून ठेवतात, तेव्हा तो ओरडतो, ‘आय’ल मेक अ घोस्ट ऑफ हिम दॅट लेट्स मी’. मला जो अडवील त्याचंच भूत करीन. आजचा अर्थ लावला तर जाऊ देणाऱ्यालाच तो मारायला निघालाय असं होईल. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘लेट देअर बी लाइट’ही आहे आणि रोखून धरणारा या अर्थाचा ‘लेटेथ’ही. असा दुतोंडी शब्द टिकणं कठीणच. अडवणारा हरला, पण कोपऱ्यांत उरला. पासपोर्टवरची विनंती वाचा, ब्रिटिश असो वा भारतीय : ‘अलाउ द बेअरर टू पास फ्रीली विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’. एकाच वाक्यात अलाउ त्याच्या टूसकट आणि शेजारी लेट, तोही अडथळा या अर्थाने!

दुसरा कोपरा टेनिसचा. सर्व्हिस जाळीला घासून योग्य चौकटीत पडली की पंच ‘लेट’ म्हणतात. यावर जाणकार म्हणवणारे ठोकून देतात की हा जाळी या अर्थाच्या फ्रेंच ‘फिले’चा अपभ्रंश आहे. त्यांनी स्क्वॉश बघावा. तिथे जाळीच नसते, चेंडू भिंतीवर मारायचा असतो, तरी प्रतिस्पर्धी वाटेत आला की खेळाडू ‘लेट, प्लीज’ म्हणतो. बॅडमिंटनमध्ये जाळीला घासून योग्य जागी पडलेली सर्व्हिस वैध ठरते, आणि फूल खेळता खेळता विस्कटलं तर मात्र लेट. अडथळा आला, पुन्हा खेळा, एवढाच अर्थ. जाळीचा संबंध नाही.

भाड्याच्या घरावरची ‘टू लेट’ची पाटी मात्र जाऊ देणाऱ्या लेटची, तिथेही मराठी ‘देणे’ बरोबर जुळतो, जाऊ देणे तसं भाड्याने देणे. देवनागरीत तीच पाटी ‘फार उशीर झाला’ अशीही वाचता येते, ते वेगळंच. आउटलेटमधला लेटही हाच. बुकलेटमधला नव्हे, तो छोटेपणा दाखवणारा प्रत्यय.

हो, लेट्स राहिलं. ‘लेट्स गो’ म्हणजे आपण जाऊ या. ‘लेट अस गो’चा तोही अर्थ होतो, आणि ‘आम्हाला जाऊ द्या’ असाही. या दुसऱ्या अर्थाचं ‘लेट्स’ करता येत नाही. आपण आणि आम्ही हा भेद इंग्रजीच्या सर्वनामांत नाही, तो इथे एका अपॉस्ट्रॉफीवर तगून आहे. म्हणून ती गाळू नका, आणि ‘लेट्स वी गो’ही म्हणू नका, ‘अस’ आत आहेच. ‘त्याला जाऊ दिलं गेलं’ म्हणायचं असेल तर ‘ही वॉज अलाउड टू गो’. ‘ही वॉज लेट गो’ म्हटलंत तर ऐकणारा समजेल की त्याची नोकरी गेली.