गुडघा 110 अंश वाकतो, पण जिना चढताना पायात जोरच नाही. ऑपरेशन फसलं का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी फसलेलं वाटत नाही. आईंचं वय 71, गुडघा बदलून तीन महिने झाले, दुखणं जवळपास गेलं, सारसबागेत रोज फेऱ्या होतात. पण सदाशिव पेठेतल्या बिनलिफ्टच्या घराचा जिना कठडा ओढत चढावा लागतो आणि कमोडवरून हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोथरूड-कर्वेनगर भागात घरोघरी जाते. ही तक्रार सतत कानावर येते.

भेटायला येणारा जो तो विचारतो, "किती वाकतो?" मांडीत ताकद किती आली, हे कुणी विचारत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूची, म्हणजे क्वाड्रिसेप्सची ताकद ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात आधीच्या निम्म्याहूनही खाली जाते. आणि आधीची तरी कुठे धड असते? कित्येक वर्षं दुखतंय म्हणून तो पाय जपूनच वापरलेला असतो. सुरुवातीला स्नायू बारीक होण्यापेक्षाही मोठी अडचण वेगळीच असते: सांधा सुजलेला असला की मज्जासंस्था त्या स्नायूला पूर्ण जोर लावू देत नाही. म्हणून संध्याकाळी सूज येत असेल तर बर्फ लावणं, पाय उंच ठेवणं अजूनही सोडू नका.

फेऱ्या चालू ठेवा, दमसास वाढतो. पण सपाट रस्त्यावर मांडीला फारसं काम पडत नाही, शिवाय माणूस नकळत दुसऱ्या पायावर भार टाकतो. आई खुर्चीतून उठताना नीट बघा, ऑपरेशनचा पाय पुढे सरकवतात का? बहुतेक सरकवत असतील.

खुर्ची भिंतीला टेकवा, तुम्ही शेजारी उभे राहा. हात छातीवर बांधून 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा. 70 ते 74 वयाच्या बाईंना 10 पेक्षा कमी जमत असेल तर ताकद कमी आहे असं धरतात. एकदाही जमलं नाही तर सतरंजीच्या घड्या घालून बैठक उंच करा. दोन्ही पावलं शेजारी-शेजारी, एका रेषेत ठेवून आठ-दहा वेळा उठबस, असे दोन-तीन फेरे, एक दिवसाआड. सोपं वाटायला लागलं की एक घडी काढा. पुढे कठडा धरून जिन्याच्या पहिल्याच पायरीवर ऑपरेशनच्या पायाने चढ-उतर, आणि सर्जनना विचारून अर्ध्या किलोचा वेट कफ, म्हणजे घोट्याला बांधायचं वजन. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेलंच पाहिजे. पलंगावर पडून पाय वीस वेळा हलवण्याचा पहिल्या आठवड्यांतला कागद अजून चालू असेल तर आता त्याने ताकद वाढणार नाही.

जेवणात पातळ वरण-भातावर भागणार नाही. या वयात वजनाच्या दर किलोमागे साधारण 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात. अंडी, पनीर, दही, मुगाची धिरडी, जे आवडेल ते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

पोटरी अचानक सुजून दुखू लागली, गुडघा लाल-गरम झाला, ताप आला, किंवा काल सरळ उचलता येणारा पाय आज उचलेनासा झाला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी सर्जनना गाठा.

ताकद येईपर्यंत जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. आणि पिशव्या तुम्ही घ्या, त्यांचा एक हात कठड्याला मोकळा हवा.