‘ऑल्दो’ आला की ‘बट’ का नको?

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू स्कूल’ या तिच्या वाक्यातला ‘बट’ बाईंनी खोडला. आपण ‘जरी... तरी’ म्हणतोच ना? शिवाय ‘अनटिल’ आणि ‘अनलेस’मध्येही तिचा गोंधळ होतो.
– एक पालक, तासगाव, जि. सांगली

उत्तर : बाईंनी खोडला ते योग्यच. मराठीत जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा अशा जोड्या लागतात. इंग्रजीत दोन वाक्यांना बहुतेक वेळा एकच अव्यय पुरतं. ‘ऑल्दो’ लागला की ते वाक्य गौण होतं. ‘बट’ला मात्र आपल्या आधी एक प्रधान वाक्य हवं असतं आणि इथे ते उरलेलंच नसतं. म्हणून दोघांपैकी एकच ठेवायचा. ‘ऑल्दो द रेन हॅड स्टॉप्ड इन सांगली, द कृष्णा केप्ट रायझिंग’ हे वाक्य पूर्ण आहे. ‘दो... येट’ ही जोडी जुन्या, औपचारिक लेखनात दिसते आणि ती चूक नाही. पण मुलांनी ‘येट’ची सवय लावून घेऊ नये असं आम्हाला वाटतं, कारण त्यामागोमाग ‘बट’ही येतो.

‘बिकॉज... सो’चं तेच. कोयनेतून पाणी सोडलं म्हणून नदी वाढली, हे सांगताना कारणाआधी ‘बिकॉज’ लावा किंवा परिणामाआधी ‘सो’.

आता गोंधळाचं मूळ. ‘अनटिल’ वेळ सांगतो, ‘अनलेस’ अट. नकाराची चूक दोन्हींत होते. ‘भाव वाढत नाही तोपर्यंत हळद विकू नका’ यातला ‘नाही’ मुलं इंग्रजीत उचलून नेतात आणि ‘अनटिल द प्राइस डज नॉट राइज’ लिहितात. बरोबर वाक्य असं : ‘डोन्ट सेल द टर्मरिक अनटिल द प्राइस रायझेस’. इथे ‘विल राइज’ही चालत नाही; काळ भविष्याचा असला तरी क्रियापद साध्या वर्तमानात राहतं. ‘अनलेस’च्या पोटात तर ‘इफ नॉट’ आधीच आहे. ‘द टर्मरिक विल रॉट अनलेस इट इज ड्राइड’ म्हणजे वाळवली नाही तर कुजेल. त्यात आणखी एक ‘नॉट’ घातला, तर वाळवलेली हळद कुजेल असा उलटा अर्थ निघतो.

सराव असा घ्या. दोन सुटी वाक्यं लिहा, त्यांचं नातं विरोधाचं, कारणाचं, वेळेचं की अटीचं ते आधी मराठीत ठरवा, मग एकच अव्यय घाला. गौण वाक्य पुढे आलं तर त्यानंतर स्वल्पविराम द्या. ‘डिस्पाइट’ मात्र या यादीत घेऊ नका. त्याच्यापुढे अख्खं वाक्य येत नाही, ‘डिस्पाइट द रेन’सारखं नाम येतं.