साडेतीनची ट्यूब

प्रिय मावशी,
डोंबिवलीत आमचं वन बीएचके आहे. हॉलमध्ये सासूबाई (वय ७३) आणि मुलगा (वय १७, बारावी सायन्स) झोपतात. सासूबाई साडेआठला मालिका बघता बघताच पेंगतात आणि पहाटे साडेतीनला उठून ट्यूब लावतात. मग मोबाइलवर हरिपाठ, चहाचं आधण, भांड्यांचा आवाज. मुलगा एकपर्यंत जागा. सहाला उठवलं की खेकसतो, रविवारी बारापर्यंत लोळतो. आजी त्याला कुंभकर्ण म्हणतात. परवा तो त्यांना कोंबडा म्हणाला आणि घरात रडारड झाली. सासूबाई म्हणतात, मला झोपच लागत नाही, डॉक्टरांकडून गोळी आण. नवरा म्हणतो, तुमचं तुम्ही बघा. मी ४७ वर्षांची, नोकरी करते. अडीच-तीनपासून मीही कानोसा घेत पडलेली असते, पण माझं राहू दे. या दोघांना कसं समजावू?
— एक सून, डोंबिवली

प्रिय सूनबाई,

आधी तुझ्या सासूबाईंचा हिशेब करू. साडेआठ ते साडेतीन म्हणजे ७ तास झाले. दुपारी जेवणानंतर तासभर आडव्या होत असतीलच (तू लिहिलं नाहीस, पण मी पैज लावते). या वयाला ७-८ तास पुरतात, म्हणजे त्यांची झोप झालेली आहे, फक्त आपल्याला सोयीच्या वेळी होत नाही. तरी त्यांना ‘झोपच लागत नाही’ असं वाटतं, आणि ते खोटं नाही. गाढ झोपेचा वाटा तिशीनंतरच हळूहळू कमी होऊ लागतो. सत्तरीत झोप पातळ होते, जिन्यावर पाऊल वाजलं तरी जाग येते, एकदा-दोनदा बाथरूमला उठावं लागतं. सकाळी आठवतात ते नेमके हे जागे क्षण. मी अडुसष्टची आहे, माझंही हेच चालू आहे.

शिवाय शरीराचं घड्याळ या वयात अलीकडे सरकतं. ते घड्याळ मेंदूत असतं आणि डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर स्वतःला लावून घेतं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, उजेड आत कमी पोचतो, त्यात दिवसभर पडदे ओढलेल्या हॉलमध्ये बसायचं. आणि मग साडेतीनला लख्ख ट्यूब! घड्याळ बिचारं म्हणतं, उजाडलं की. उद्याची जाग आणखी लवकर. म्हणून ट्यूबच्या जागी झिरोचा पिवळा बल्ब आणि संध्याकाळी पाच ते सहा खाली बाकावर किंवा देवळापर्यंत फेरी. संध्याकाळचा उजेड घड्याळाला थोडं मागे खेचतो. साडेआठच्या पेंगेची साडेनऊ-दहा झाली तरी आपण जिंकलो.

गोळीला मात्र माझा साफ नकार. म्हाताऱ्या माणसाला झोपेच्या गोळीने रात्री बाथरूमला जाताना झोक जातो, पडणं होतं, खुब्याचं हाड मोडतं. कुणाकुणाला भ्रम होतो. डॉक्टरांकडे जायचंच असेल तर बीपीच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी एखादी आहे का आणि ती सकाळी घेतली तर चालेल का, हे विचारायला जा.

आता कुंभकर्ण. वयात येताना घड्याळ उलट्या दिशेने, उशिराकडे सरकतं. मेलाटोनिन हे झोपेची वर्दी देणारं संप्रेरक या वयात रात्री उशिरा वाढतं, त्यामुळे दहाला अंथरुणात घातलं तरी तो छताकडे बघत पडणार. त्याला ८ ते १० तास लागतात आणि मिळतात पाच. तू सहाला त्याची साखरझोप मोडतेस असं तुला वाटतं, त्याच्या शरीराची ती मध्यरात्र असते. विशीच्या आसपास हे घड्याळ पुन्हा माघारी फिरतं, तेवढा धीर धर.

आपल्या सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं. पोरांची झोप होत नाही म्हणून. चांगलंच केलं. पण ज्यांचं शरीर खरोखर उशिराचं आहे ते अकरावी-बारावीवाले सातच्या लेक्चरला जांभया देत बसलेतच. कॅलिफोर्नियात २०२२ पासून हायस्कुलं साडेआठच्या आधी भरत नाहीत, कायदाच आहे. आपल्याकडे अजूनही ‘लवकर निजे, लवकर उठे’ भिंतीवर लावतात. गंमत म्हणजे ही म्हणही मुळात इंग्रजीतून आलेली.

म्हणजे पोरगा निर्दोष असंही नाही हं. बारा ते एक तो फिजिक्स करत नसतो, हे तुलाही ठाऊक आहे. अकराला फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात, घरातल्या सगळ्यांचा, नवऱ्याचाही. रविवारी साडेआठ-नऊला उठवायचं. बारापर्यंत झोपला की रात्री झोप येत नाही आणि सोमवार बोंबलतो. आणि कोंबडा म्हटल्याबद्दल आजीची माफी, ती वेगळी.

दोघांना समजवायचं कसं, हे विचारलंस. समजावू नकोस. सासूबाईंना व्याख्यान दिलंस तर ‘आता उठायचीही चोरी’ होईल. हरिपाठासाठी इयरफोन आण आणि ते कानात घालून द्यायचं काम नातवाला दे. चहाचा थर्मास सुचवणार होते, पण थर्मासातला चहा त्या पिणार नाहीत हे मला इथे बसून कळतंय. विजेची किटली घे, आवाज कमी. मिक्सर-कुकर सहानंतर. आणि हातांना बिनआवाजी काम दे. पहाटे साडेतीन ते सहा हा फार लांब पल्ला असतो गं. सगळं घर झोपलेलं, आपण एकटेच जागे. भांडी वाजतात त्यात ‘मी उठलेय’ हेही थोडं असतं. मी स्वतः वाजवलेली आहेत. लसूण, मेथी, मोड आलेले वाल सोलायला ठेव. बिरड्याला माणूस तासभर सहज गुंततो.

आता त्या ‘माझं राहू दे’कडे येते. तुझी मेल पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी आली आहे. सासूबाई अजून उठल्याही नव्हत्या. म्हणजे त्यांच्या आवाजाने तू उठत नाहीस, आवाज होईल म्हणून आधीच उठून पहारा देतेस. आणि सत्तेचाळिशीत त्याला आणखी एक कारण असू शकतं. पाळी मागेपुढे होते का? मध्यरात्री अंगातून वाफा, घामाने मान ओली, मग पंखा वाढवायचा, मग थंडी? पाळी जायच्या आधीची काही वर्षं संप्रेरकं वरखाली होतात आणि पहिला बळी झोपेचा जातो. बायका ते ‘टेन्शन’ म्हणून वर्षानुवर्षं ढकलतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे. याला उपचार आहेत. गोळ्यांशिवाय, तज्ज्ञाशी बोलून झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी सीबीटी नावाची उपचारपद्धतीही आहे, ती चांगली लागू पडते.

ऑफिसातून आल्यावर साडेसहाला चहा घेत असशील तर तो थांबव. त्यातलं निम्मं कॅफीन रात्री साडेअकरालाही अंगात असतं. जाग आली तर घड्याळ बघू नकोस. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठून मंद उजेडात बस. मला मेल लिहू नकोस.

पहारा मात्र आजपासून बंद. पुढचे पंधरा दिवस हॉलमधल्या आवाजाला उठून बघायची पाळी नवऱ्याची. त्याला हा परिच्छेद वाचायला दे.

डॉक्टरांकडे शनिवारची वेळ घे. रविवारी पहाटे वाल सोलायला हवे असतील तर शुक्रवारी सकाळीच भिजत घाल, रात्री फडक्यात बांध. मोड यायला वेळ लागतो.

— मावशी