लघवीच्या पिशवीतला खडा आणि हुलग्याचं माडगं

प्रश्न : माझ्या 14 वर्षांच्या मुलीला जन्मतः स्पायना बिफिडा (पाठीचा कणा नीट न जुळणं) आहे. आठव्या वर्षी आतड्याचा तुकडा जोडून तिची लघवीची पिशवी मोठी केली. बेंबीत ऑपरेशननं केलेल्या वाटेनं नळी घालून दिवसातून चार वेळा लघवी काढतो. आता सोनोग्राफीत पिशवीत 18 मिमीचा खडा दिसतोय, पण दुखत नाही. घरचे म्हणतात, हुलग्याचं माडगं द्या, विरघळेल.
– एक आई, तासगाव तालुका

उत्तर : माडगं खुशाल द्या, पण खडा त्यानं जाणार नाही. दुखत नाही यावरही विसंबू नका. अशा मुलांना तिथली संवेदनाच कमी असते. वारंवार जंतुसंसर्ग, लघवीत रक्त किंवा नव्यानं गळती, एवढ्यावरूनच खडा ओळखावा लागतो.

आतडं पिशवीला शिवलं तरी चिकट स्राव सोडतच राहतं. बेंबीची वाट वरच्या अंगाला, त्यामुळे तळाची लघवी साचून राहते. प्रोटियससारखे जंतू तिथं युरियाचा अमोनिया करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि स्रावाच्या गुठळीवर मॅग्नेशियम-अमोनियम-फॉस्फेटचे थर चढतात.

खडा काढावाच लागेल, दुर्बिणीनं किंवा पोटावर छेद घेऊन. बेंबीच्या वाटेतून जाड दुर्बीण घालत नाहीत, ती वाट खराब होते. आत राहिलेल्या कणावर पुन्हा खडा धरतो, म्हणून एकही कण राहू नये, हे सर्जनशी आधीच बोलून घ्या.

खरं काम पुढचं आहे, ते म्हणजे पिशवी धुणं. सर्जननी परवानगी दिली की रोज एकूण किमान 240 मिली सलाइन वापरा. 60 मिलीच्या सिरिंजनं हळू आत सोडा, परत ओढा, स्वच्छ येईपर्यंत. आठवड्यातून दोनदा एकेक सिरिंज मारून भागत नाही. घरी करायचं तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, तेही वजन करून. चमच्याचा भरवसा नको. उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरू नका. परत येत नसेल तर जोरानं ओढू नका, नळी किंचित फिरवा. शेवटी धार थांबली की मुलीला पुढं वाकवून नळी थोडी थोडी मागे घ्या. तळाचं बरंचसं तेव्हाच निघतं. नळी लॅटेक्सविरहितच (नैसर्गिक रबर नसलेली) हवी.

नळी वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू दिसणारच, म्हणून ताप किंवा त्रास नसताना दर रिपोर्टला अँटिबायोटिक नको. प्रोटियस निघाला तर मात्र यूरोलॉजिस्टना दाखवा. वर्षातून एकदा सोनोग्राफी करा आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं), बायकार्बोनेट (रक्तातली आम्लता कळते) आणि बी-12 जीवनसत्त्व तपासा.

पोट फुगलं, उलट्या किंवा ताप आला, तर सकाळपर्यंत थांबू नका; लगेच सांगली-मिरज गाठा. मोठी केलेली पिशवी फुटू शकते. ड्युटीवरच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात त्या ऑपरेशनचं सांगा.