कबुतरांच्या पिसांवरून शहरातलं शिसं कळतं का?

तुम्ही विचारलंय की दादर परिसरात पडलेली कबुतरांची पिसं गोळा करून लॅबमध्ये तपासली, तर त्या भागात शिसं, कॅडमियम वगैरे जड धातू किती आहेत ते कळेल का, कॉलेजच्या प्रोजेक्टला हे चालेल का.

पक्ष्यांवरून कळतं. रस्त्यावर पडलेल्या पिसावरून मात्र फारसं हाती लागत नाही. धातूंच्या तपासणीच्या लॅबमध्ये काही वर्षं काढली आहेत, म्हणून पिसाची भानगड आधी सांगतो.

पीस वाढत असतं तेव्हा त्याच्या मुळाशी रक्त पोचत असतं. रक्तात जे शिसं, पारा, जस्त असेल ते केराटिनमधल्या (पीस ज्या प्रथिनाचं बनतं त्यातल्या) गंधकाला धरून बसतं. वाढ पूर्ण झाली की रक्तपुरवठा तुटतो. म्हणजे आतला धातू फक्त त्या काही आठवड्यांचा. बाहेरून भर पडणं मात्र थांबत नाही. धूळ, धूर, आणि पक्षी चोचीने पिसांना जे तेल लावतो त्याला चिकटलेलं सगळं. म्हणून लॅबमध्ये पीस आधी अॅसिटोनने धुवायचं, मग डीआयोनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्याने, पुन्हा अॅसिटोनने. वाळवून वजन करायचं आणि फ्यूम हूडखाली (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) नायट्रिक अॅसिडमध्ये विरघळवायचं. एवढा खटाटोप करूनही शिशाच्या आकड्यातला आतला किती आणि बाहेरचा किती, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि पडलेलं पीस कोणत्या पक्ष्याचं, कुठे वाढलेलं, तेही माहीत नसतं.

रंगाचाही घोळ आहे. पॅरिसमधल्या कबुतरांवरच्या अभ्यासात (2014) असं दिसलं की गडद कबुतरं पिसांत जास्त जस्त साठवतात. त्यामुळे एका गल्लीतली काळपट आणि दुसऱ्या गल्लीतली पांढुरकी पिसं घेऊन तुलना केली, तर फरक गल्लीचा की रंगाचा, हा वाद मिटणार नाही. कॅडमियम तर पिसांत शोधूच नका. ते मुख्यतः मूत्रपिंडात आणि यकृतात साठतं.

पाऱ्याच्या बाबतीत मात्र पिसांनी मोठं काम केलंय. 1960च्या दशकात स्वीडनमध्ये संग्रहालयांतल्या जुन्या गॉसहॉक या शिकारी पक्ष्यांची पिसं तपासली गेली. जवळजवळ शंभर वर्षं पाऱ्याची पातळी सारखीच, आणि 1940 नंतर एकदम उडी. कारण बियाण्याला चोळायचं पारायुक्त औषध. दाणे टिपणारे पक्षी ते खात आणि गॉसहॉक त्या पक्ष्यांना.

शिशासाठी रक्त घ्यावं. न्यूयॉर्कमध्ये संशोधक रिबेका कालिसी आणि सहकाऱ्यांनी 2010 ते 2015 या काळात मॅनहॅटनमधल्या पक्षी उपचार केंद्रात आलेल्या 825 कबुतरांच्या रक्ताच्या नोंदी घेतल्या आणि त्या त्या वस्तीतल्या मुलांच्या रक्ततपासणीशी ताडून पाहिल्या. जिथे कबुतरांत शिसं जास्त, तिथे मुलांतही जास्त आढळण्याचं प्रमाण अधिक. उन्हाळ्यात दोघांचंही वाढतं. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल या खाणगावात चिमण्यांचं तेच: खाणीपासून लांब जावं तसं रक्तातलं शिसं कमी.

आणि एस्पेरन्स. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं हे बंदराचं छोटं शहर. शेकडो किलोमीटरवरच्या विलुना भागातल्या खाणीतून रेल्वेने लेड कार्बोनेट यायचं आणि बंदरात जहाजांवर चढायचं. भुकटी सुटी, वारा समुद्राचा. डिसेंबर 2006मध्ये गावात पक्षी पटापट मरून पडू लागले, त्यात फुलांतला मध पिणारे बरेच. पुढच्या काही महिन्यांत मेलेल्यांचा अंदाज साडेनऊ हजारांपर्यंत गेला. मेलेल्या पक्ष्यांत शिसं सापडलं, त्याचे समस्थानिक (एकाच धातूचे वेगवेगळ्या वजनाचे अणू; त्यांच्या प्रमाणावरून माल कुठल्या खाणीचा ते ओळखता येतं) त्या खाणीच्या मालाशी जुळले. मग लोकांच्या पावसाच्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, मुलांचं रक्त तपासलं, तिथेही शिसं निघालं. निर्यात 2005पासून सुरू होती, 2007च्या मार्चमध्ये थांबवली. धूळ मोजायची सोय नव्हती म्हणून हे झालं असं नाही. मोजलेल्या धुळीकडे कुणी गांभीर्याने पाहत नव्हतं. पक्षी अंगणात पडल्यावर पाहावंच लागलं.

पक्षी वापरायचं खरं कारण हेच. माती तपासली तर मातीत शिसं किती ते कळतं; ते कुणाच्या शरीरात शिरतंय का, हे कळत नाही. कबुतर त्याच फुटपाथवर टिपतं, दळायला खडे गिळतं (चिकनवाल्याकडची पोटा-कलेजी माहीत असेल, त्यातला पोटा कबुतरालाही असतो, खडे तिथेच असतात), आणि खड्यांबरोबर जुन्या रंगाचे पोपडेही. पेट्रोलमधलं शिसं देशात 2000 साली गेलं, घरगुती रंगांत 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017पासून आहे. पण आधी सांडलेलं शिसं नष्ट होत नाही. जुन्या चाळीची डागडुजी निघाली की ते पुन्हा धुळीत येतं.

दादरच्या बाबतीत एक गोची आहे. तिथली कबुतरं वर्षानुवर्षं लोकांनी टाकलेल्या दाण्यांवर जगली. दाणा बाहेरगावचा, खडे आणि धूळ तेवढी दादरची. त्यामुळे कमी आकडा आला तर जागा स्वच्छ असा अर्थ लावू नका. मी असतो तर चिमणी निवडली असती, कारण तिचा वावर लहान. पण मुंबईत पुरेशा चिमण्या मिळवण्यातच तुमचं वर्ष जाईल.

कबुतरंच घ्यायची असतील तर संक्रांतीच्या सुमारास पक्ष्यांच्या दवाखान्यांशी बोला. मांज्याने कापलेली कबुतरं तेव्हा येतात. न्यूयॉर्कच्या पाहणीतली मोठी अडचण ही की पक्षी मुळातच आजारी म्हणून आणलेले, त्यातले काही शिशानेच आजारी असणार. मांजा कुणाच्या रक्तातलं शिसं बघून कापत नाही. डॉक्टर उपचारासाठी पंखाखालच्या शिरेतून रक्त घेणारच असतील तर त्यातलाच थोडा अंश मागा, आणि कॉलेजच्या अॅनिमल एथिक्स कमिटीची परवानगी आधी काढा. हे आकडे जानेवारीचे असतील, मे महिन्याबद्दल त्यावरून बोलू नका. आणि पक्षी नेमका कुठे सापडला ते आणणाऱ्याकडून इमारतीच्या नावासकट लिहून घ्या. रजिस्टरात नुसतं ‘दादर’ असेल तर तो नमुना बाजूला ठेवा.