तिसऱ्या दिवशी मोडणारं टाइमटेबल

'ताई, मी कर्वेनगरला पीजीत राहते. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. गाव उदगीर तालुक्यात, बाबांची शेती आहे, सोयाबीनच्या पैशातून माझी फी भरतात. बारावीला लातूरला होते तेव्हा पहाटे पाचला उठून दिवसाला दहा-दहा तास अभ्यास केलाय. इथे आल्यापासून काय झालंय कळत नाही. पहिल्या वर्षाचा एक विषय राहिलाय, या वेळी एम-थ्रीसकट (गणिताचा तिसरा पेपर) दोन. दर रविवारी रात्री नवीन टाइमटेबल करते. पाचला उठणं, टेकडी, इंग्रजी पेपर, कोडिंग, रानडे इन्स्टिट्यूटच्या जर्मन कोर्सची तयारी, सहा तास अभ्यास. मंगळवारपर्यंत चालतं, बुधवारी मोडतं. मग आठवडा गेलाच म्हणून रात्री दोनपर्यंत रील्स. २१ दिवसांचं चॅलेंजही घेऊन झालं. रूममेट पाचला उठून बसते, तिच्याकडे बघवत नाही. घरी 'ऑल क्लिअर' सांगितलंय. रोज रात्री जेवण झालं की आईला फोन करते, एक दिवस चुकत नाही, पण आवाज नीट ठेवावा लागतो. बॅकलॉगच्या फॉर्मचे पैसे एक वेळचा डबा बंद करून भरले. माझ्यात शिस्तच नाही का? स्मार्टफोन विकून साधा घेऊ का?'

प्रिय मुली,

सगळ्यात आधी डबा सुरू कर. आजच मेसवाल्या काकूंना सांग. उपाशी पोटी गणितं सुटत नाहीत, आणि एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीने पुण्यात एक वेळ जेवून राहावं हे मला अजिबात मान्य नाही. बाकीचं सगळं यानंतर.

आता तुझा प्रश्न. लातूरला बारावीचं वर्ष काढलेल्या मुलीत शिस्त नाही, असं मी म्हणणार नाही. पण ते वर्ष नीट आठवून बघ. पाचला तू उठायचीस, की तुला उठवलं जायचं? हॉस्टेलची घंटा, रेक्टरची फेरी, सकाळचा क्लास, संध्याकाळी ठरलेल्या बाकावर अभ्यास, दर आठवड्याला टेस्ट, मार्कांची यादी सगळ्यांसमोर. लातूर पॅटर्नमध्ये मुलांची मेहनत शंभर टक्के खरी असते, पण कधी बसायचं, कुठे बसायचं आणि आज काय सोडवायचं हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. पुण्यात आलीस आणि ते सगळं एका दिवसात संपलं. रात्री किती वाजता झोपलीस, लेक्चर का बुडवलंस, पीजीत विचारणारं कुणी नाही. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून इथे येणाऱ्या कितीतरी मुलामुलींचं पहिल्या दोन वर्षांत हेच होतं, आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्यातच काहीतरी खोट आहे. ठरवायचं काम आता तुझ्याकडे आलंय, आणि ते कसं करायचं हे तुला कुणी शिकवलेलं नाही. एवढंच झालंय.

ते तुला जमतं, हेही तूच लिहिलंयस. जेवण झालं की आईला फोन. बुधवारीही करतेस, रील्समध्ये गेलेल्या दिवशीही करतेस. त्यासाठी तू अलार्म लावत नाहीस, मनाची तयारी करत नाहीस, भिंतीवर कागद चिकटवत नाहीस. जेवण उरकलं की हात आपसूक फोनकडे जातो. रोजच्या एका ठरलेल्या गोष्टीला दुसरी गोष्ट जोडली गेली आणि ती टिकली. अभ्यासाची सवयही अशीच लागते. तुझ्या टाइमटेबलमध्ये मात्र पाच-सहा नव्या गोष्टी एकाच सोमवारी सुरू होतात, आणि त्यातली एकही तुझ्या चालू दिवसातल्या कशालाच जोडलेली नाही.

पण त्याआधी एक गोष्ट आहे. तू तिच्यावर एकच ओळ लिहिलीस, मला तिच्यावरच जास्त बोलायचंय. 'ऑल क्लिअर'.

तू एम-थ्रीचं पुस्तक उघडतेस तेव्हा समोर फोरियर ट्रान्सफॉर्म असतो का? मला वाटतं, बाबा असतात. सोयाबीन असतं, फी असते, आईशी बोलताना सांभाळलेला आवाज असतो. म्हणून पुस्तक मिटतं. रील्समध्ये बाबा दिसत नाहीत, म्हणून रील्स दोनपर्यंत चालतात. याला तू आळस म्हणतेस, तुझी रूममेटही म्हणत असेल. मी म्हणत नाही. गणितासोबत जी लाज वर येते तिच्यापासून तू पळतेस, आणि पळाल्याची लाज दुसऱ्या दिवशी आदल्या लाजेत मिळते. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठाच्या संशोधकांनी पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांची पाहणी करून २०१० साली एक निष्कर्ष मांडला. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. आपल्याकडे समज नेमका उलटा आहे. स्वतःला जितकं बोलू तितके सुधारू, असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलंय. तू गेलं वर्षभर स्वतःला बोलतेयस. त्याने काय झालं, ते तुझ्यासमोर आहे.

तर या रविवारी नवीन टाइमटेबल करू नकोस. बाबांना फोन कर. आईच्या फोनवरून निरोप नको, थेट त्यांच्याशी बोल. शेतातून घरी येऊन हातपाय धुऊन निवांत बसले असतील अशी वेळ बघ. फार प्रस्तावना करू नकोस. 'बाबा, माझे पहिल्या वर्षाचा एक आणि या वर्षाचे दोन विषय राहिलेत. ऑल क्लिअर सांगितलं ते खोटं होतं. फॉर्म भरलाय. परीक्षा अमुक महिन्यात आहे, मी रोज एवढा वेळ बसणार आहे.' इतकंच सांगायचं आणि मग त्यांना बोलू द्यायचं. ते चिडतील. कदाचित फोन आईकडे देतील, एक-दोन दिवस बोलणार नाहीत. ते तुला सोसावं लागेल, यातून सुटका नाही. पण पाऊस गेला, भाव पडला, तरी पुढच्या हंगामाची तयारी करणारा माणूस आहे तो. तीन विषय राहिले म्हणून तो मुलीवर पाणी सोडेल, असं तुझ्या पत्रातल्या बाबांकडे बघून मला तरी वाटत नाही. त्यानंतर आईशी बोलताना आवाज सांभाळावा लागणार नाही. त्यात तुझी रोज किती ताकद जातेय याची तुला अजून कल्पना नाही.

हे झालं की अभ्यासाकडे ये. एकच गोष्ट धर, एम-थ्री. जर्मन, कोडिंग, टेकडी, इंग्रजी पेपर, सगळं या सेमिस्टरपुरतं बाजूला. ते वाईट आहे म्हणून नव्हे, पण सगळ्यांना एकदम जागा नाही. तू शिकतेस त्याच शहरातल्या डेक्कन कॉलेजात टिळक शिकायला आले तेव्हा प्रकृती किरकोळ होती. त्यांनी कॉलेजचं पहिलं वर्ष जवळजवळ पूर्ण व्यायामाला दिलं आणि अभ्यास मागे पडू दिला. पुढे गणित घेऊन बी.ए. पहिल्या वर्गात पास झाले. तू वर्षभर अभ्यास सोड असं मी म्हणत नाही. त्यांनी एका वेळी एक गोष्ट धरली, तेवढं घे.

वेळ कोणती? पहाटे पाच नको. तू दोनला झोपतेस. पाचला उठशील तर तीन तासांच्या झोपेवर दोन दिवस निघतील आणि तिसऱ्या दिवशी शरीर हिशोब मागेल. तुझा बुधवार त्यातूनच येतो. माझा आग्रह असा : कॉलेजचं शेवटचं लेक्चर किंवा प्रॅक्टिकल संपलं की रूमवर जायचं नाही. सॅक खांद्यावर असतानाच थेट कॉलेजच्या लायब्ररीत, रोज त्याच कोपऱ्यातल्या टेबलावर. एकदा रूमवर गेलीस की चहा, कॉट, फोन, आणि मग सात वाजतात. मधला प्रवासच काढून टाक. कॉलेजला सुट्टी असेल त्या दिवशी पीजीजवळची एखादी अभ्यासिका बघ, पण वेळ तीच ठेव. बसायचं किती? ४० मिनिटं. ऐकायला फार कमी वाटेल आणि तुला लगेच दोन तास करावेसे वाटतील. पहिले दोन आठवडे करू नकोस. बसायची जागा आणि वेळ पक्की होऊ दे, मिनिटं नंतर वाढवता येतात.

त्या ४० मिनिटांत वाचत बसायचं नाही, सोडवायचं. जुन्या प्रश्नपत्रिकेतला एलडीईचा (लिनिअर डिफरन्शियल इक्वेशन) एक प्रश्न घे, उत्तर झाकून ठेव, कोऱ्या कागदावर सुरुवात कर. अडकशील. पाच-सात मिनिटं अडकून राहा, मग उत्तर बघ, पुन्हा झाक, पुन्हा पहिल्या ओळीपासून सोडव. सोडवलेली उदाहरणं नुसती वाचली की सगळं येतंय असं वाटतं आणि पेपरात हात चालत नाही. बॅकलॉगचं हे फार मोठं कारण आहे. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली याचा एक प्रयोग केला. एका गटाने उतारा वाचायच्या चार फेऱ्या केल्या. दुसऱ्या गटाने वाचायची एकच फेरी केली आणि उतारा तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. तुझा पेपर पाच मिनिटांनी नाही.

आता बुधवारबद्दल. एकवीस दिवसांचं हे जे सगळीकडे सांगतात, त्याचं मूळ १९६० सालच्या एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणात आहे. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटना किमान एकवीस दिवस लागतात, असं त्यांना दिसलं होतं. त्यातला 'किमान' पुढे गळून गेला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे रोजच्या ठरलेल्या वेळी एकेक छोटी गोष्ट करायला सांगितली. ती अंगवळणी पडायला मध्यम हिशोबाने ६६ दिवस लागतात, असं त्यांना आढळलं. कुणाला १८ दिवस पुरतील, तर कुणाला २५४ लागतील, असं त्यांच्या आकडेमोडीतून निघालं. आणि तुझ्या कामाचं म्हणजे, मधे एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे तुझा बुधवार कधीच घातक नव्हता. बुधवारी चुकलं म्हणून गुरुवार, शुक्रवार, शनिवार सोडून दिलेस, आणि रविवारी सगळं नव्याने मांडलंस, तिथे नुकसान झालं. यापुढे बुधवार चुकला तर गुरुवारी त्याच टेबलावर तीच ४० मिनिटं. राहिलेले मिळून ८० नाहीत, भरपाई नाही, नवा कागद नाही. चुकशील तू, सबमिशनच्या आठवड्यात तर नक्की चुकशील. दुसऱ्या दिवशी येऊन बस.

फोन विकू नकोस. नोटिसा, ग्रुप, पीडीएफ सगळं त्यावरच येतं, शिवाय बाबांनी घेऊन दिलेली वस्तू आणखी एका लपवालपवीत जाईल. लायब्ररीत बसताना बंद करून सॅकमध्ये, रात्री अकरानंतर खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला, कॉटवर हात पोचणार नाही अशा ठिकाणी. रूममेटचं पाचला उठणं तिच्या झोपेच्या वेळेला धरून आहे. ती किती वाजता झोपते ते बघ आणि तिच्याशी तुलना सोड.

एक गोष्ट गंभीरपणे विचारते. झोप लागत नाही, जेवण जात नाही, सकाळी उठून काही करावंसंच वाटत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, किंवा नकोनको ते विचार येत असतील, तर हा सवयींचा प्रश्न नाही. १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो. मराठीत बोल. कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांनाही भेट.

आणि सोमवारी तुमच्या वर्गाच्या टीजींना (टीचर गार्डियन) किंवा मेंटॉरना गाठ. पहिल्या वर्षाचा विषय अजून बाकी आहे, तर तुझ्या अभ्यासक्रमाच्या पॅटर्नला तिसऱ्या वर्षात जायचा नियम काय आहे, किती क्रेडिट लागतात, हे त्यांच्याकडून नीट समजून घे आणि लिहून घे. एम-थ्री शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना आठवड्यातून एकदा अडलेली दोन गणितं दाखवू का, असं विचार. विचारायला गेलेल्या मुलीला बहुतेक शिक्षक नाही म्हणत नाहीत. फॉर्म भरल्याची पावती जपून ठेव, हॉलतिकीट काढताना लागली तर शोधाशोध नको.

तुझी,
ताई