आपल्याकडे नाचायला स्टेज लागतं का?

प्रिय चिऊ,

परवा शाळेच्या केलीवरून, म्हणजे इथल्या स्कॉटिश, सगळ्यांनी मिळून नाचायच्या कार्यक्रमावरून, घरी येताना बसमध्ये तू एकदम विचारलंस, "बाबा, आपल्या लोकांमध्ये फक्त स्टेजवरचेच नाचतात का? बाकीचे नुसते व्हिडिओ काढतात का?" मी म्हटलं घरी गेल्यावर सांगतो, आणि मग जेवण, होमवर्क, झोप, राहूनच गेलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून आज बसून नीट लिहितोय. अडेल तिथे आईला विचार, नाहीतर सरळ आजीला व्हिडिओ कॉल लाव, हा विषय निघाला की ती तासभर बोलेल.

तुला असं का वाटलं ते मला कळतं. त्या हॉलमध्ये कोणीच बघायला आलेलं नव्हतं. एक माणूस माईकवर पुढची स्टेप सांगत होता, फिडल आणि अकॉर्डियन चालू, आणि तुझे पीईचे सर, लायब्ररीतल्या बाई, ते काठी टेकत येणारे आजोबा, सगळे रांगेत उभे. स्ट्रिप द विलो ह्या नाचात तर तुला एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात असं पार टोकापर्यंत फिरवत नेलं आणि तू ओळखत कोणालाच नव्हतीस. आणि आपल्या मंडळाच्या गणपतीत काय होतं, तर तुम्ही मुलं तीन महिने दर रविवारी प्रॅक्टिस करता, ड्रेस भाड्याने आणतो, पाच मिनिटांचा डान्स होतो, आणि आम्ही सगळे आईबाप खुर्च्यांवर बसून मोबाईल वर धरतो. ते मी पण करतो, आणि तुझा डान्स मला मनापासून आवडतो. पण तू हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिलंस आणि तुला वाटलं की आपलं असंच असतं. तसं नाहीये बाळा.

आपलं गाव संगमेश्वर तालुक्यातलं, रत्नागिरी जिल्हा. तू दोनदा गेलीस पण दोन्ही वेळा मे महिन्यात, आंब्याच्या दिवसात. शिमग्याला एकदाही नाही, कारण मार्चमध्ये तुझी शाळा असते आणि मला सुट्टी नसते. तिथे शिमगा म्हणजे एका दिवसाची होळी नव्हे, फाल्गुनात कित्येक दिवस चालतो. काही गावांचा तेरसेचा, काहींचा भद्रेचा, म्हणजे कुणाचा होम पौर्णिमेच्या आधी तेरसेला, त्रयोदशीला, लागतो आणि कुणाचा पौर्णिमेला. ग्रामदेवतेची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे गं, वर्षभर बंदोबस्तात ठेवलेली असतात, ती काढून पालखीत बसवतात आणि देवी देवळातून बाहेर पडते. आणि मग ती नाचते. म्हणजे पालखी नाचवतात. दांड्याला खांदा देऊन चारपाच जण ढोलाच्या ठेक्यावर पालखी अशी फिरवतात, झुकवतात, खांद्यावरून डोक्यावर घेतात, की बघणाऱ्याला वाटावं आता पडते, पण पडत नाही. एक दमला की मागचा हात लावतो आणि हा बाजूला होतो, ठेका कुठे तुटत नाही. कोण कधी आत गेलं आणि कधी बाहेर आलं ते सांगता पण येत नाही. तिथे स्टेज कुठाय सांग बघू? मी पहिल्यांदा खांदा लावला तेव्हा सोळा वर्षांचा होतो, कोणी शिकवलं नव्हतं, शेजारच्या काकांनी शर्टाला धरून आत ओढलं एवढंच आठवतंय, आणि दुसऱ्या दिवशी खांदा काळानिळा झाला होता.

आणि खुणा काढतात ते तर तुला फारच आवडेल. सहाण म्हणजे जिथे पालखी बसते ती जागा, तिच्या आसपास मोकळ्या मैदानात नारळ पुरून ठेवतात, आणि मग पालखी नाचत नाचत इकडे जाते, तिकडे जाते, मध्येच वळते, गर्दी तिच्या मागोमाग पळते, आणि एका जागी पालखी थांबून झुकते. तिथे उकरायचं. नारळ निघाला की जो काही आवाज होतो ना चिऊ, ढोल, शिट्ट्या, बायकांचं हसणं, ते मला इथे एडिंबराच्या थंडीत पण कधी कधी ऐकू येतं.

मग पालखी घरोघर जाते. प्रत्येक वाडीत, प्रत्येक अंगणात. घर सारवलेलं, रांगोळी, बायका देवीची ओटी भरतात, कुणी नवस फेडतं, आणि एक मोठा माणूस गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवीशी सगळ्यांच्या वतीने बोलतो, की ह्या घरातला मुलगा परदेशी आहे त्याला सांभाळ, आणि बाकीचे सगळे एका सुरात म्हणतात, व्हय म्हाराजा. तुझ्या नावाने पण दरवर्षी गाऱ्हाणं घातलं जातं, आजी कधी चुकवत नाही. पालखीसारखेच खेळे पण फिरतात, नमनाचे खेळे, म्हणजे सोंगं घेऊन नाचणारी मंडळी, त्यात काळ्या कपड्यातला उंच टोपीवाला संकासूर असतो ज्याला बघून मी आईच्या पदराआड लपायचो, आणि गोमू म्हणजे साडी नेसलेला पुरुष. मला परवा तुझ्या टीचरनी सांगितलं की केली ह्या गेलिक शब्दाचा मूळ अर्थच एकमेकांकडे भेटायला जाणं, कुणाच्या तरी घरी जमून गाणं, गोष्टी, नाच. मला किती बरं वाटलं ते ऐकून! आपला नाच पण असाच चालत चालत अंगणात येतो, आपण तिकीट काढून त्याच्याकडे जात नाही.

आता जाखडी. ही गौरी-गणपतीतली. बाल्या नाच पण म्हणतात. मधे शाहीर म्हणजे गाणारा, ढोलकीवाला, झांजवाला बसतात आणि त्यांच्याभोवती गोल करून गडी नाचतात, पायात घुंगरांचा चाळ. सुरुवातीला गण, मग गवळण, आणि दोन पार्ट्या समोरासमोर असल्या की सवालजवाब. एक शक्तीवाले आणि एक तुरेवाले, हे म्हणणार शक्ती मोठी, ते म्हणणार शिव मोठा, आणि पुराणातले एकेक प्रश्न गाण्यातून टाकायचे, समोरच्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. रात्र सरते पण भांडण सुटत नाही, कारण सुटायचं नसतंच. शेतात काम करणारी, फार न शिकलेली माणसं अशी पुराणं तोंडपाठ ठेवून जागच्या जागी गाणं रचायची. हे मी लहानपणी ऐकलंय म्हणून तुला सांगतो, कोणी कधी गावठी वगैरे म्हणालं तर ऐकून घेऊ नको.

आणि त्यातच असतो गोफ. वर मधोमध एका जागी रंगीत कापडाच्या लांब पट्ट्या बांधतात, प्रत्येकाच्या हातात एकेक टोक. नाचताना निम्मे ह्या बाजूने, निम्मे त्या बाजूने, एकाच्या खालून, दुसऱ्याच्या वरून, आणि नाचता नाचता वर वेणी विणली जाते. तुझ्या वेणीसारखीच, पण आठ पेडांची. खरी गंमत पुढे आहे. वेणी पूर्ण झाली की उलट नाचायचं, तीच पावलं मागे मागे, आणि वेणी जशी विणली तशी सुटत गेली पाहिजे. एकाचं पाऊल चुकलं तर गाठ बसते आणि सगळे थांबतात. गोव्यात शिगम्याला मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या पवित्र जागेवर, घुमट आणि शामेळ ह्या वाद्यांच्या तालावर पण गोफ नाचतात. मागच्या मे महिन्यात आपण इंग्लंडमधल्या त्या गावात मुलं खांबाभोवती रिबिनी घेऊन फिरताना बघितली ना, तेव्हा मी गप्प उभा होतो आणि तू विचारलंस काय झालं. हे झालं होतं.

तुझ्या पणजोबांबद्दल एक सांगायचंय. ते मुंबईला गिरणीत होते. कोकणातले हजारो गडी लालबाग-परळला गेले, एकेका गावाची खोली असायची, एका खोलीत कितीतरी जण, पाळीपाळीने झोपायचं. आणि तिथेही त्यांनी जाखडी सोडली नाही. पाळी संपवून, चाळीच्या गच्चीवर तालीम. पणजोबा झांज वाजवायचे. नंतर परळच्या दामोदर नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याचे सामने व्हायला लागले, तिकीट लावून, तिथे मात्र स्टेज आलं, पण समोर बसलेली माणसं गावचीच, खुर्चीतून ओरडून उत्तर देणारी. १९८२ चा संप झाला, गिरण्या बसल्या, पणजोबा गावी परतले, झांज बरोबर घेऊन. ती आजीच्या माळ्यावर आहे अजून.

सगळं गोड गोड सांगणार नाही मी तुला. पालखी आधी कुणाच्या दारात, मान कुणाचा, ह्यावरून कोकणात गावंच्या गावं भांडलीत, काही ठिकाणी वादापायी पालखी बाहेरच निघाली नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं. देवी सगळ्या गावाची, मग अंगण पण सगळ्यांचं असायला हवं.

आणि तू जे बसमध्ये विचारलं नाहीस पण विचारशीलच, मुलींना घेतात का? मी लहान होतो तेव्हा नाही. तेव्हा जाखडीत पुरुषच, नमनात बाईचं काम पण पुरुषच करायचे. बायकांचं वेगळं होतं, गौरी आल्या की रात्रभर झिम्मा, फुगड्या, फेर धरून गाणी, आणि तिथे पुरुषाला प्रवेश नाही, आजीच्या फुगडीचा वेग मी दाराच्या फटीतून बघितलाय. आता बदलतंय. मुलींच्या जाखडीच्या पार्ट्या झाल्यात, बायकांची नमन मंडळं झालीत, काही गावांत बायका पालखीला खांदा देतात. तुझी पाळी येईल तेव्हा तुला शर्टाला धरून आत ओढायला मी तिथे असेन.

तोवर मी एक ठरवलंय. ह्या गणपतीत मंडळाने हॉल घेतलाय त्याच्या छताला मधोमध एक भक्कम हूक आहे, मी विचारून घेतलं, वजन चालेल म्हणाले. आईच्या जुन्या ओढण्या फाडून आठ पट्ट्या होतात, चार पिवळ्या, चार लाल, काल मोजल्या. तुमचा डान्स झाला की खुर्च्या भिंतीला लावायच्या आणि गोफ विणायचा. आजी झांज कुरिअर करते म्हणालीये, ढोलकी आपल्याकडे आहे. तू, मी, आई, दादा, खालच्या मजल्यावरचे काका-काकू, हे सहा झाले. अजून दोघं हवीत. तुझ्या वर्गातली ती फिडल वाजवणारी मुलगी आणि तिचे बाबा येतील का, उद्या शाळेत विचारशील? त्यांना सांग, नाचता येत नसलं तरी चालेल, आम्हालाही सगळ्यांना कुठे येतंय.

तुझा,
बाबा